खेळ आणि साक्षी

१

पन्नाशी उलटल्यावर माणसाला नवा नाद लागू नये, असा आमच्याकडे संकेत आहे. लागलाच, तर तो बागेचा, होमिओपाथीचा किंवा फार तर जुन्या गाण्यांच्या तबकड्या जमविण्याचा असावा. मला लागलेला नाद यांपैकी कोणत्याच सदरात बसत नाही, आणि म्हणूनच की काय, घरातील मंडळी पाहुण्यांसमोर त्याविषयी बोलत नाहीत. अमेरिकेच्या मध्यभागी आयोवा नावाचे एक शेतीप्रधान राज्य आहे. तेथील विद्यापीठातील मुलींचा बास्केटबॉलचा संघ जिंकला की माझा दिवस चांगला जातो. हरला की त्या दिवशीच्या पहिल्या तासाला विद्यार्थ्यांना विनाकारण बोलणी खावी लागतात. ज्याने जन्मभर मोहिमा, तह आणि सनावळ्या शिकविल्या, आणि शाळेतील कवायतीखेरीज मैदानावर कधी पाऊल टाकले नाही, त्याची ही अवस्था कशी झाली हे सांगितल्यावाचून पुढील इतिहासात वाचकांना स्वारस्य वाटणार नाही.

२०२२-२३ च्या हिवाळ्यात मी काही आठवडे आयोवा सिटी या गावी मुलीकडे राहिलो होतो. ती तेथील विद्यापीठात शिकत होती. एका सायंकाळी, “बाबा, घरात बसून वाचायचेच होते तर पुणे काय वाईट होते?” असे म्हणून तिने मला सामन्याला नेले. तेथील क्रीडागृह एका घळीत बांधलेले आहे. बाहेरून ते बसके दिसते. परंतु दारातून आत गेले की आपण अगदी वरच्या पायरीवर असतो, आणि आपल्याकडील बारवेत उतरावे तसे पायऱ्या पायऱ्यांनी खाली उतरत जावे लागते. बाहेर हिमाचे ढीग होते, आत हजारो माणसे होती. मुलींचे घोळके होते, तसे डोक्यावर पिवळ्या टोप्या घातलेले वृद्ध शेतकरीही होते. मांडीवर नातवंडे घेतलेल्या आज्या होत्या. खाली तळाशी दहा मुली एका चेंडूमागे धावत होत्या.

माझ्या शेजारी ऐंशीच्या घरातील एक बाई बसल्या होत्या. मला खेळातले काही कळत नाही हे त्यांच्या ध्यानात यावयास वेळ लागला नाही. त्यांनी मला नियम समजावून दिले, आणि मग मध्येच आपणही शाळेत असताना खेळत होतो असे सांगितले. किती गुण मिळविलेत, असे मी सहज विचारले. एकही नाही, असे त्या म्हणाल्या. त्यांच्या काळी प्रत्येक बाजूस सहा मुली असत. तीन चढाई करणाऱ्या, तीन बचाव करणाऱ्या. आणि मधली रेघ कोणी ओलांडावयाची नसे. त्या बचाव करणाऱ्यांत होत्या. इतकी वर्षे खेळून त्यांनी सामन्यात एकदाही टोपलीकडे चेंडू फेकला नव्हता, कारण ती टोपली त्यांच्या बाजूस नव्हतीच. हे सांगताना त्यांच्या स्वरात खंत नव्हती. खाली एका मुलीने अर्ध्या मैदानावरून चेंडू फेकला, तो जाळ्यात अलगद पडला, आणि ह्या बाई ऐंशी वर्षांच्या गुडघ्यांवर ताडकन उभ्या राहिल्या.

त्या क्षणी मला नाद लागला. खेळणाऱ्या मुलींचा पुढे लागला. प्रथम लागला तो पाहणारांचा. इतिहासाच्या विद्यार्थ्याला जो प्रश्न पडावयाचा तोच मला पडला: ही माणसे येथे आली कोठून? मुली खेळतात हे नवल नव्हे. मुली खेळत असताना पाहावयास पंधरा हजार माणसे येतात, हे नवल आहे. त्याचा शोध घेऊ लागलो तेव्हा असे आढळून आले की, ह्या खेळाचा खरा इतिहास कोणी खेळावे याचा जितका आहे, तितकाच किंबहुना त्याहून अधिक, कोणी पाहावे याचा आहे.

२

बास्केटबॉल हा खेळ कोणत्या महिन्यात आणि कोणत्या गावी जन्मास आला हे निश्चित सांगता येते. १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे ख्रिस्ती तरुण संघाच्या शिक्षण-विद्यालयात जेम्स नेस्मिथ या कॅनडात जन्मलेल्या शिक्षकाने तो सिद्ध केला. थंडीच्या दिवसांत घरात कोंडलेल्या अठरा तरुणांना गुंतवून ठेवणे एवढाच त्याचा हेतू होता. पीचच्या फळांच्या दोन टोपल्या सज्ज्याला दहा फुटांवर ठोकल्या, तेरा नियम लिहिले, आणि खेळ सुरू झाला. काही आठवड्यांतच जवळच्या शाळेतील शिक्षिका सज्ज्यात येऊन तो पाहू लागल्या, आणि आम्हालाही खेळता येईल का असे त्यांनी विचारले. नेस्मिथने होकार दिला. त्या सुरुवातीच्या खेळाडू स्त्रियांतील मॉड शर्मन हिच्याशी पुढे त्याचा विवाह झाला. तेव्हा स्त्रियांचा बास्केटबॉल हा पुरुषांच्या बास्केटबॉलहून अवघा काही आठवड्यांनी धाकटा आहे. आणि त्या स्त्रिया खेळाडू होण्यापूर्वी प्रेक्षक होत्या, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

त्या काळी अमेरिकेत स्त्रियांच्या उच्च शिक्षणावरील वाद ऐन भरात येऊन गेला होता. एडवर्ड क्लार्क नामक बोस्टनच्या एका डॉक्टराने १८७३ मध्ये पुस्तक लिहून असे प्रतिपादिले होते की, मुलींनी मुलांप्रमाणे अभ्यास केल्यास त्यांच्या शरीराची, विशेषतः मातृत्वाची हानी होते. ह्या आक्षेपास उत्तर म्हणून स्त्रियांच्या महाविद्यालयांनी व्यायामशाळा बांधल्या. विद्यार्थिनी पदवी घेऊनही धडधाकट राहते हे त्यांना सिद्ध करावयाचे होते. महाराष्ट्रीय वाचकांना हा काळ अगदीच परका नाही. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून १८८६ मध्ये पदवीधर झाल्या; त्या समारंभासाठी गेलेल्या पंडिता रमाबाई १८८८ पर्यंत त्या देशात राहिल्या, आणि तेथील लोकस्थितीवर त्यांनी लिहिलेले मराठी पुस्तक १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथील स्त्रियांचे शिक्षण आणि उद्योग त्यांनी बारकाईने न्याहाळले होते. हा खेळ त्यांच्या दृष्टीस पडला नाही, कारण त्या परतल्यानंतर तीन वर्षांनी तो जन्मास आला.

स्प्रिंगफील्डपासून वीसेक मैलांवर नॉर्थॅम्प्टन येथे स्मिथ हे स्त्रियांचे महाविद्यालय आहे. १८९२ च्या जानेवारीत तेथे सेंडा बेरेन्सन नावाची तेवीस वर्षांची शिक्षिका व्यायाम शिकविण्यासाठी आली. लिथुआनियातील एका ज्यू कुटुंबात जन्मलेली ही मुलगी प्रकृतीने इतकी नाजूक होती की तिला संगीताचा अभ्यास सोडावा लागला होता, आणि प्रकृती सुधारावी म्हणूनच ती व्यायामविद्येकडे वळली होती. चित्रकलेचे प्रसिद्ध मर्मज्ञ बर्नार्ड बेरेन्सन हे तिचे वडीलबंधू. ह्या बाईंनी नव्या खेळाविषयी वाचले आणि तो आपल्या विद्यार्थिनींना शिकविला. २२ मार्च १८९३ रोजी पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलींचा सामना झाला. सुरुवातीसच एका मुलीचा खांदा निखळला. तिच्या जागी दुसरी आली आणि सामना पुढे चालला. दुसऱ्या वर्षाच्या मुली ५-४ असा जिंकल्या. सज्जे आपापल्या वर्गाचे रंग घेऊन आलेल्या मुलींनी भरून गेले होते. पुरुष मात्र एकही नव्हता. त्यांच्यासाठी दारे बंद ठेवण्यात आली होती.

तीन वर्षांनी ही बंद दारे पश्चिम किनाऱ्यावर पुन्हा भेटतात. ४ एप्रिल १८९६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे स्टॅनफर्ड आणि बर्कली यांच्या मुलींमध्ये सामना झाला. दोन महाविद्यालयांतील स्त्रियांचा पहिला बास्केटबॉल सामना तो हाच मानतात. प्रत्येक बाजूस नऊ मुली होत्या. शेकडो स्त्रिया पाहावयास आल्या होत्या, आणि पुरुषांना मज्जाव होता. काही पुरुष छपरावर आणि खिडक्यांपाशी चढून डोकावण्याची खटपट करीत होते. मध्येच टोपली निखळली, ती बसविण्यासाठी दोन कामगारांना आत घ्यावे लागले, तेव्हा बर्कलीच्या मुली किंचाळून एका कोपऱ्यात दडल्या असे तत्कालीन वृत्तांतात आहे. स्टॅनफर्डने सामना २-१ असा जिंकला. पुढे तीनच वर्षांनी, १८९९ मध्ये, त्याच स्टॅनफर्डने आपल्या विद्यार्थिनींना बाहेरच्या महाविद्यालयांशी सामने खेळण्याची बंदी केली.

३

आजच्या वाचकास ह्या बंद दारांचे हसू येईल. परंतु इतिहास लिहावयाचा म्हणजे हसण्यापूर्वी दाराच्या आतील माणसाची बाजू ऐकून घेतली पाहिजे. पुरुषांना बाहेर ठेवण्यात शालीनतेची कल्पना होती हे तर उघडच आहे. सैल विजारीत धावणाऱ्या मुलींकडे परक्या पुरुषाने पाहावे हे त्या काळच्या कुटुंबांना रुचणारे नव्हते. पण बेरेन्सनबाई आणि त्यांच्या पिढीतील व्यायामशिक्षिका यांना आणखी एक भीती होती, आणि ती पोरकट नव्हती. पुरुषांच्या महाविद्यालयांत फुटबॉलच्या सामन्यांनी काय केले हे त्या डोळ्यांनी पाहत होत्या: तिकिटांचा पैसा, पैजा, जिंकण्यासाठी वाटेल ते करणारे शिक्षक, हातपाय मोडलेले विद्यार्थी. प्रेक्षक आला की पैसा आला, पैसा आला की खेळ खेळणारीचा राहत नाही, असा त्यांचा हिशेब होता. १८९९ मध्ये नियम बनविताना त्यांनी मैदानाचे तीन भाग पाडले, दुसरीच्या हातातील चेंडू हिसकावण्यास मनाई केली, आणि तीन सेकंदांपेक्षा अधिक काळ चेंडू धरू नये असे ठरविले. एकाच मुलीने सारा खेळ व्यापू नये, सर्वांना वाट्याला यावा, हा त्यामागील हेतू होता.

१९२३ मध्ये ह्या विचारास संघटनेचे बळ मिळाले. हौशी खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचा स्त्रीविभाग स्थापन झाला आणि त्याच्या अध्यक्षस्थानी लू हेन्री हूवर होत्या. त्यांचे पती पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले. ह्या विदुषीबाई स्वतः भूगर्भशास्त्राच्या पदवीधर. सॅन फ्रान्सिस्कोचा तो सामना झाला तेव्हा त्या स्टॅनफर्डलाच शिकत होत्या. प्रत्येक मुलीने खेळावे, पण अजिंक्यपदे नकोत, प्रवास नको, तिकिटे नकोत, असे ह्या विभागाचे धोरण होते. त्यातून ‘खेळाचा दिवस’ अशी एक प्रथा निघाली. दोन-तीन महाविद्यालयांच्या मुली एकत्र जमावयाच्या, त्यांची सरमिसळ करून संघ पाडावयाचे, म्हणजे कोणी कोणाच्या महाविद्यालयासाठी जिंकावयाचे नाही आणि हरावयाचे नाही, शेवटी चहा-बिस्किटे. जेथे संघालाच नाव नाही तेथे चाहता कोणाचा व्हावयाचा?

हे सारे स्त्रियांनी, स्त्रियांच्या हितासाठी केले, यात मला संशय नाही. त्यांनी जी संकटे वर्तविली होती तीही पुढे खरी ठरली. आज अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळात पैशाने जो धुमाकूळ घातला आहे तो पाहिला तर बेरेन्सनबाई मुळीच चकित झाल्या नसत्या. तथापि दार बंद केल्याने आतील खेळ पवित्र राहिला तसा तो अदृश्यही राहिला. जे कोणी पाहिले नाही त्याची मागणी कोण करणार? पन्नास वर्षांनी ह्या मुलींसाठी मैदान, पोशाख आणि प्रवासखर्च मागावयाची वेळ आली, तेव्हा त्यांच्या बाजूने उभे राहण्यास लोक नव्हते. कारण लोकांना आत येऊच दिले नव्हते.

४

अपवाद होता तो आयोवाचा, आणि माझ्या शेजारच्या बाईंचे कोडे येथे उलगडते. आयोवात मुलींची राज्यस्तरीय शालेय स्पर्धा १९२० मध्ये सुरू झाली. पूर्वेकडील मतांचा वारा तेथेही पोचला आणि १९२५ मध्ये शाळांच्या क्रीडासंघटनेने मुलींची स्पर्धा भरविणे सोडून दिले. मोठ्या शहरांतील शाळांनी ते मुकाट्याने मानले. परंतु खेडेगावच्या काही शाळाधिकाऱ्यांनी वेगळे होऊन केवळ मुलींसाठी स्वतंत्र संघटना काढली. त्यांना स्त्रीस्वातंत्र्याचा काही विशेष उमाळा आला होता असे नव्हे. हिवाळ्यात शेतीचे काम नसे, गावात दुसरी करमणूक नसे, आणि गावची मुलगी शेजारच्या गावच्या मुलीला हरविते की नाही यात साऱ्या गावाची इभ्रत गुंतलेली असे. आपल्याकडे जत्रेतील कुस्तीला माणसे जमतात, तशी तेथे मुलींच्या बास्केटबॉलला जमत.

मौज अशी की, सहा मुलींचा आणि दुभागलेल्या मैदानाचा जो खेळ ह्या गर्दीला वेड लावीत होता, तो बेरेन्सनबाईंच्याच सावध नियमांचा वंशज होता. मुलींनी फार धावू नये म्हणून आखलेली रेघ तशीच राहिली होती. पण दार मात्र सताड उघडे होते. १९६८ च्या अंतिम सामन्यात युनियन-व्हिटन आणि एव्हर्ली ह्या दोन लहानशा शाळा समोरासमोर आल्या. डे मॉइन येथील सभागृहात पंधरा हजारांवर माणसे होती आणि दूरचित्रवाणीवरून तो नऊ राज्यांत दिसत होता. युनियन-व्हिटनच्या डेनिस लाँगने ६४ गुण केले; एव्हर्लीच्या जेनेट ओल्सनने त्याहून अधिक, ७६ केले, आणि तरी तिचा संघ जादा वेळेत ११३-१०७ असा हरला.

आता पुढील गोष्ट पाहा. ह्या मुली अठरा वर्षांच्या झाल्या, शाळा संपली, पुढे काय? पुढे काहीच नाही. आयोवा विद्यापीठात मुलींचा बास्केटबॉल संघ सुरू झाला तो १९७४ मध्ये. ज्यांना शाळेत पंधरा हजारांनी डोक्यावर घेतले त्यांना महाविद्यालयात जावयास मैदान नव्हते. परंतु पाहणारे मात्र तयार होऊन बसले होते. खेळणाऱ्या मुली घरोघरी गेल्या, माता झाल्या, आज्या झाल्या. आणि त्यांच्याबरोबर खेळ पाहण्याची दृष्टीही घरोघरी गेली.

५

महाविद्यालयांची दारे प्रथम जोराने ठोठावली ती फिलाडेल्फियाजवळच्या एका लहानशा कॅथलिक महाविद्यालयाने. इमॅक्युलाटा हे त्याचे नाव. ते जोगिणींनी चालविलेले होते. त्यांचे क्रीडागृह १९६७ मध्ये जळून गेले होते. कॅथी रश ह्या तरुण प्रशिक्षिकेस वर्षाला अवघे ४५० डॉलर मिळत. १९७२ च्या मार्चमध्ये स्त्रियांच्या महाविद्यालयीन संघटनेने पहिली राष्ट्रीय स्पर्धा इलिनॉय राज्यातील नॉर्मल येथे भरविली, तेव्हा ह्या मुलींजवळ जावयास पैसे नव्हते. त्यांनी दात घासण्याचे ब्रश विकून काही रक्कम जमविली, आणि विमानात ऐनवेळी रिकाम्या राहणाऱ्या स्वस्त जागांवर आठ खेळाडू कशाबशा गेल्या. सोळा संघांत त्यांचा क्रम पंधरावा होता. अंतिम सामना पडला तो वेस्ट चेस्टरशी, ज्यांनी आठवड्यापूर्वीच त्यांना ३२ गुणांनी लोळविले होते. इमॅक्युलाटा ५२-४८ असा जिंकला. आणि पुढील दोन वर्षेही अजिंक्य राहिला.

ह्या संघाचे चाहते कोण? जोगिणी! एका खेळाडूच्या वडिलांचे लोखंडी सामानाचे दुकान होते. त्यांनी बादल्या आणि लाकडी दांडे आणून वाटले, आणि झगे घातलेल्या वृद्ध जोगिणी त्या बादल्या बडवून क्रीडागृह दणाणून सोडीत. ज्यांनी संसाराचा गलबला सोडला होता त्यांनी हा गलबला केला, याचे मला फार अप्रूप वाटते. २२ फेब्रुवारी १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हा संघ क्वीन्स महाविद्यालयाशी खेळला तेव्हा ११,९६९ माणसे पाहावयास आली होती. १८९३ च्या बंद दारापासून येथवर यावयास ८२ वर्षे लागली.

मध्यंतरी २३ जून १९७२ रोजी अध्यक्ष निक्सन यांच्या सहीने तो प्रसिद्ध कायदा झाला होता, ज्याने सरकारी साह्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेद करण्यास मनाई केली. त्याच्या मूळ वाक्यात खेळाचा शब्दही नाही. तरी मैदाने आणि शिष्यवृत्त्या आल्या त्या ह्याच कायद्याने. परंतु कायदा मैदान देऊ शकतो, प्रेक्षक देऊ शकत नाही. तो मिळविण्याचे काम आयोवा विद्यापीठात क्रिस्टीन ग्रँट ह्या स्कॉटलंडहून आलेल्या बाईंनी हाती घेतले. १९७३ पासून २००० पर्यंत त्या तेथील स्त्रियांच्या क्रीडाविभागाच्या प्रमुख होत्या. १९८३ मध्ये त्यांनी व्हिव्हियन स्ट्रिंगर ह्या कृष्णवर्णीय प्रशिक्षिकेस आणले. ३ फेब्रुवारी १९८५ रोजी ओहायो राज्याच्या संघाशी सामना होता. लोक येत राहिले. दारे कोणी लावली नाहीत. सुमारे पंधरा हजारांच्या त्या बारवेत त्या दिवशी २२,१५७ माणसे मोजली गेली, पायऱ्यांवरून चालावयास वाट राहिली नाही, आणि अग्निभयाचे नियम मोडल्याबद्दल ग्रँटबाईंना ठपका मिळाला. तो ठपका त्यांनी अभिमानाने मिरविला असे सांगतात. यजमान संघ मात्र त्या दिवशी हरला.

६

येथवरचे वाचून कोणास असे वाटेल की ही सरळ चढत्या भाजणीची कथा आहे. ती तशी नाही, आणि तसे भासविणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९८२ मध्ये पुरुषांच्या प्रबळ राष्ट्रीय संघटनेने स्त्रियांची स्पर्धा स्वतः भरविण्यास आरंभ केला आणि स्त्रियांनी चालविलेली जुनी संघटना बुडाली. तिच्याबरोबर तिची दप्तरेही जणू बुडाली. कॅन्ससच्या लिनेट वुडार्डने १९८१ पर्यंतच्या चार वर्षांत ३,६४९ गुण केले होते. तेही तीन गुणांची रेघ नसताना आणि पुरुषांच्या मापाच्या मोठ्या चेंडूने. नव्या संघटनेच्या वहीत हा विक्रम धरलाच गेला नाही, कारण तो तिच्या राज्यारोहणापूर्वीचा होता. नवी राजवट आली की जुन्या राजवटीच्या सनदा अमान्य व्हावयाच्या, हा प्रकार इतिहासाच्या अभ्यासकास अपरिचित नाही.

२०२३-२४ च्या हंगामात आयोवाच्या केटलिन क्लार्कने एकामागून एक विक्रम मोडले, आणि त्या निमित्ताने ही जुनी वही पुन्हा उघडली गेली. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी तिने स्त्रियांचा अधिकृत विक्रम मोडला तेव्हा साऱ्या देशात गाजावाजा झाला. वुडार्डला तिने मागे टाकले ते त्याच महिन्याच्या २८ तारखेस, आणि प्रामाणिक चाहत्यांनी खरा विक्रम तोच मानला. पुढे ३,९५१ गुणांवर तिची महाविद्यालयीन कारकीर्द संपली. ह्याहूनही अधिक, ४,०६१ गुण, पर्ल मूर नावाच्या कृष्णवर्णीय मुलीने १९७९ पर्यंत लहान महाविद्यालयांतून खेळून केले होते. ते पाहणारे थोडे होते, म्हणून ते ठाऊक असणारेही थोडेच राहिले. २०२१ च्या राष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांच्या संघांना भलीमोठी व्यायामशाळा आणि मुलींच्या संघांना वजनांची एक लहानशी चळत दिलेली होती. एका खेळाडूने त्याचे चलच्चित्र काढून जगाला दाखविले तेव्हा कोठे ती सुधारली. पुन्हा तेच: दिसले, तेव्हा सुधारले.

१५ ऑक्टोबर २०२३ रोजी आयोवा विद्यापीठाने आपल्या फुटबॉलच्या उघड्या मैदानावर मुलींचा एक मैत्रीचा सामना ठेवला, आणि त्यास ५५,६४६ माणसे आली. तोवर मी पुण्यास परतलो होतो. त्या हंगामात सायंकाळचे सामने आमच्याकडे पहाटे साडेसहाच्या सुमारास सुरू होत; चहाचा पेला हाती घेऊन मी संगणकासमोर बसत असे. ७ एप्रिल २०२४ चा अंतिम सामना आमच्याकडे मध्यरात्रीनंतर साडेबारास लागला. आयोवाचा संघ साउथ कॅरोलायनाकडून ८७-७५ असा हरला. साउथ कॅरोलायनाने त्या वर्षी ३८ पैकी ३८ सामने जिंकले होते. हरण्यात अपमान नव्हता, तरी मला पहाटेपर्यंत झोप आली नाही. नंतर कळले की तो सामना एक कोटी ८० लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. त्याच वर्षीचा पुरुषांचा अंतिम सामना पाहणारे एक कोटी ४८ लाख होते.

हे एका तेजस्वी मुलीचे कर्तृत्व, असे वृत्तपत्रांनी लिहिले. ते खोटे नाही; पण अपुरे आहे. त्या वेळच्या मुख्य प्रशिक्षिका लिसा ब्लूडर ह्या आयोवाच्याच, शाळेत सहाजणींचा जुना खेळ खेळलेल्या. त्यांच्या सहकारी आणि २०२४ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या जॅन जेन्सन ह्याही तशाच. आणि जेन्सनबाईंची आजी १९२१ च्या राज्यविजेत्या ऑडुबन शाळेच्या संघात होती. आजीपासून नातीपर्यंत शंभर वर्षे हे बियाणे जपले गेले, तेव्हा एका मुलीच्या हातून हे पीक आले. २ फेब्रुवारी २०२५ रोजी क्लार्कच्या गौरवार्थ तिचा २२ हा अंक विद्यापीठाने कायमचा राखून ठेवला. त्या दिवशी ती पाहणारांत बसली होती, आणि तिच्यावाचून खेळणाऱ्या मुलींनी दक्षिण कॅलिफोर्नियाच्या बलाढ्य संघास ७६-६९ असे हरविले.

७

आता एक कबुली देऊन हा लेख संपवितो. वीसेक वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक विद्यार्थिनी होती. एके दिवशी ती तास सुरू होण्यापूर्वी आली आणि बास्केटबॉलच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यासाठी दोन दिवसांची सूट मागू लागली. मी तिला इतिहासाच्या महत्त्वावर एक लहानसे व्याख्यान दिले आणि गैरहजेरी मांडली. जाताना ती म्हणाली, “सर, एकदा पाहायला तरी या.” मी गेलो नाही. मैदान माझ्या वर्गाच्या खिडकीतून दिसत होते; मी खिडकीशी गेलो असतो तरी पुरे होते. त्या वर्षी तो संघ कोठवर गेला हे पुढे कधीतरी शोधावे म्हणून मी महाविद्यालयाचे वार्षिक अंक काढून पाहिले. मुलांच्या क्रिकेटला दोन पाने आहेत. मुलींच्या बास्केटबॉलविषयी, त्यांनी भाग घेतला, एवढे एक वाक्य आहे. वुडार्डचा विक्रम वहीत न धरणाऱ्या अमेरिकन संघटनेवर रागावताना मला ते वाक्य आठवते. ती वही लिहिणारांत मीही होतो.

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या मुलींचा एक सामना होता, त्यास मी गेलो. सिमेंटच्या पायऱ्यांवर अकरा माणसे होती, त्यांतील चौघे दुसऱ्या संघाबरोबर आलेली. मी जाऊन बसताच आमच्या संघात काही कुजबुज झाली, आणि संघनायिका खेळ थांबवून माझ्याकडे आली. सरांनी सूट दिली नसावी, म्हणून आपण कोणाला तरी परत न्यावयास आलो आहोत, अशी तिची समजूत झाली होती. मी म्हटले, “नाही, मी सामना पाहायला आलो आहे.” तिचा विश्वास बसला नाही. ती परत गेली, मैत्रिणींशी काही बोलली, आणि त्या पुन्हा खेळू लागल्या. पण मध्यंतरापर्यंत त्यांतील कोणी ना कोणी मधूनच माझ्याकडे वळून पाहत होती. उत्तरार्धात मात्र त्या मला विसरल्या.

पुढचा सामना येत्या शनिवारी आहे.